सांगली-मिरजेत नव्याने आलेल्या लुथरन कुटुंबासाठी: मंडळीत कसे रुळावे

सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात नोकरीसाठी येणाऱ्यांत लुथरन, म्हणजे जर्मन धर्मसुधारक मार्टिन लुथरच्या परंपरेतल्या ख्रिस्ती, घरची माणसे अधूनमधून भेटतात. कुणी रांचीकडच्या गोस्नर या लुथरन मंडळीतली (चर्चमधली) नर्स असते, कुणी गुंटूरकडून रेल्वेत बदली होऊन आलेला, कुणी छिंदवाड्याकडचा शिक्षक. सामान लावून होते न होते तोच ‘इथे लुथरन चर्च कुठे आहे?’ ही विचारणा सुरू होते. पाटी शोधत फिरण्याआधी इथला इतिहास थोडक्यात समजून घ्या, म्हणजे निम्मी वणवण वाचेल.

या भागातले मिशनकाम लुथरन नव्हते. रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि पुढे हे क्षेत्र अमेरिकन प्रेस्बिटेरियन (वडिलांच्या म्हणजे निवडलेल्या ज्येष्ठांच्या सभेने मंडळी चालवणाऱ्या) मिशनकडे गेले. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उघडले तेही याच मिशनचे. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीला नाव त्यांचेच. साताऱ्यात उतरलात तर तिथला वारसा अमेरिकन मराठी मिशनचा, म्हणजे काँग्रिगेशनल, जिथे प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतः पाहते. भारतातले लुथरन काम वेगळ्याच दिशांनी वाढले. १७०६ मध्ये तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला झीगेनबाल्ग आणि प्लुत्शाव हे मिशनरी उतरले, १८४२ मध्ये गुंटूरला मिशनरी हायर पोचले, १८४५ मध्ये रांचीला गोस्नरचे मिशनरी आले. कृष्णाकाठ त्या वाटांवर आलाच नाही. पुढे १९७० मध्ये नागपुरात सहा परंपरांच्या मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तीतही लुथरन सामील नव्हते. इथल्या जुन्या मंडळ्या सगळ्याच एका व्यवस्थेखाली आहेत असेही नाही. कोणती कुठे, हे त्या त्या पाळकांना विचारावे, रिक्षावाल्याला नको.

तेव्हा तुमच्या हाती उरते ते एवढेच: जवळची चांगली मराठी मंडळी निवडा आणि लुथरन म्हणूनच तिच्यात राहा. ते जमते. घाई मात्र करू नका.

निघतानाच कागद घ्या

मूळ मंडळीच्या पाळकांकडून सभासदत्वाचे पत्र घ्या. घरातल्या प्रत्येकाचा बाप्तिस्म्याचा दाखला आणि ज्यांचे दृढीकरण (विश्वास मंडळीसमोर स्वतः कबूल करण्याचा विधी) झाले आहे त्यांचा तोही दाखला सोबत ठेवा. इथे आल्यावर मागवू म्हणाल तर मागवणे लांबत जाते, आणि नेमके लग्न ठरते तेव्हा धावपळ होते. ख्रिस्ती विवाह १८७२ च्या कायद्याप्रमाणे होतो. त्यात आधी सूचना द्यावी लागते, शिवाय दोन्ही पक्ष कुठल्या मंडळीचे हे पाळक विचारतातच. पत्र तेलुगूत किंवा तमिळमध्ये असेल तर सोबत हिंदी वा इंग्रजी प्रत जोडा. सेक्रेटरीला ते वाचता आले पाहिजे.

एक मराठी पवित्र शास्त्रही विकत घ्या. मोबाइलवर मिळते हे खरे, पण घरसभेत (कुणाच्या तरी घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत) पुस्तक हातात असलेल्या माणसाला वाचायला सांगतात, आणि वाचायला लागलात की भाषा आपोआप बसते.

पहिला रविवार

वेळेआधी पंधरा मिनिटे जा. आतमध्ये घुसून पहिली रिकामी जागा पकडू नका, दारात मंडळीचे जे वडील (निवडलेले ज्येष्ठ) उभे असतात त्यांना भेटा. ‘सलाम’ म्हणा. मराठी ख्रिस्ती माणसांत हा जुना रिवाज आहे. उत्तरही ‘सलाम’च येईल, आणि लगेच ‘कुठले तुम्ही?’ हा प्रश्न. चौकशी म्हणून त्याचा राग धरू नका. या भागात ओळख गावानेच सुरू होते. चपला दाराशी काढायच्या की नाही, पुरुष आणि बायका वेगळ्या बाजूंना बसतात का, डोक्यावर पदर घेतात का, हे मंडळीगणिक बदलते. पुढच्या चार माणसांकडे बघा आणि तसेच करा.

पाळकांना ‘पाळकसाहेब’ म्हणतात, त्यांच्या पत्नीला ‘पाळकीणबाई’. वयस्कांना काका-मावशी, बरोबरीच्यांना दादा-ताई. रांचीकडची सवय असेल तर ‘पादरी साहेब’ तोंडात येईल. कुणी वाईट मानत नाही, पण महिन्याभरात सुधारा.

उपासनेच्या शेवटी जाहिराती होतात. इथे जाहिरात म्हणजे मंडळीच्या सूचना: कुणाची घरसभा, कुणी आजारी, कुणाचे लग्न. त्यातच नव्या माणसांना उभे राहायला सांगतात. दोन वाक्ये तयार ठेवा: नाव, गाव, काम, आणि ‘आम्ही लुथरन मंडळीतले आहोत’. हे शेवटचे वाक्य लपवू नका आणि त्यावर भाषणही देऊ नका. पुष्कळांनी लुथरचे नाव शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात वाचलेले असते, त्यापलीकडे माहिती नसते. उपासना संपल्यावर दोघे-चौघे येऊन विचारतील. सविस्तर बोलायला तीच वेळ बरी.

गाणी ‘उपासना संगीत’मधून म्हणतात. पेटी-तबल्यावर भजन आणि अभंगाच्या चाली ऐकून चकित होऊ नका. ही इथली मोठी कमाई आहे. कवी नारायण वामन टिळक अखेरच्या काळात साताऱ्यात होते. तिथे १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून त्यात एकत्र बसू शकत. त्यांचे अभंग आजही मराठी मंडळ्यांत गातात. लुथरनेही लोकांच्या बोलीत गाणी बांधली आणि १५२४ पासून ती छापून लोकांच्या हातात दिली. त्यामुळे या बाबतीत लुथरन माणसाला इथे परके वाटायचे कारण नाही. ऑर्गन नसल्याची हळहळ मनातच ठेवा.

जिथे खरा फरक पडतो

नव्या माणसाचा गोंधळ चार ठिकाणी होतो. त्यातली पहिली जागा प्रभुभोजनाची, म्हणजे ख्रिस्ताच्या नावाने भाकरी आणि पेला घेण्याच्या विधीची.

तुम्हाला वेदीपाशी गुडघे टेकून, पाळकांच्या हातून घ्यायची सवय असेल. प्रेस्बिटेरियन वळणाच्या मंडळीत वडील ताटे घेऊन बाकांपर्यंत येतात, तुकडा आणि छोटा पेला बसल्या जागी मिळतो. पेल्यात बहुधा द्राक्षरस असतो. तासगावच्या द्राक्षांचा मुलूख म्हणून नव्हे, दारू टाळायची म्हणून. पद्धतीचा हा फरक सोसता येतो. शिकवणीचा फरक अधिक खोल आहे. लुथरन मानतो की भाकरीत, भाकरीबरोबर आणि भाकरीखाली ख्रिस्ताचे शरीर खरोखर दिले जाते. सुधारक कॅल्विनच्या परंपरेत (प्रेस्बिटेरियन त्यातलेच) ख्रिस्ताची उपस्थिती आत्म्याच्या द्वारे आहे असे मानतात, आणि स्वित्झर्लंडचा सुधारक झ्विंग्ली याने तर स्मरणावर भर दिला. १५२९ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला लुथर आणि झ्विंग्ली समोरासमोर बसले. पंधरापैकी चौदा कलमांवर एकमत झाले, अडले ते याच एका बाबीवर. लुथरने टेबलावर ‘हे माझे शरीर आहे’ असे खडूने लिहून ठेवले होते.

म्हणून पहिल्या प्रभुभोजनाआधी पाळकसाहेबांना एकट्याने भेटा. दोन गोष्टी विचारा: पाहुण्या सभासदाला इथे प्रभुभोजन देतात का, आणि तुम्ही ते कोणत्या विश्वासाने घेता हे सांगितलेले चालेल का. माझा अनुभव असा की प्रामाणिकपणे विचारणाऱ्याला पाळक सहसा अडवत नाहीत. तुमच्या मूळ मंडळीचे पाळक याबाबत कडक असतील तर त्यांनाही फोन करा. काही लुथरन मंडळ्या दुसऱ्या परंपरेत प्रभुभोजन घ्यायला मनाई करतात, काहींची हरकत नसते. तुमची कोणत्या मताची, हे इथल्या कुणाला ठाऊक असणार नाही.

दुसरी जागा गमतीची आहे, पण मुलांना खरोखर छळते. दहा आज्ञा दोन्हीकडे त्याच, क्रमांक मात्र वेगळे. लुथरच्या लहान कॅटेकिझममध्ये, म्हणजे प्रश्नोत्तरांतून विश्वास शिकवणाऱ्या पुस्तकात (तेही १५२९ चेच), मूर्तींबद्दलची आज्ञा पहिलीतच धरलेली आहे आणि लोभाबद्दलच्या आज्ञेचे शेवटी दोन भाग केले आहेत. त्यामुळे ‘आईबापांचा मान राख’ ही तुमच्या मुलाची चौथी आज्ञा इथल्या संडे स्कूलमध्ये पाचवी होते. सहावी म्हटले की तुमच्या घरात व्यभिचार, इथे खून. परीक्षेत मार्क गेले की पोर रडत घरी येते. शिक्षिकाबाईंना आधीच सांगून ठेवा आणि मुलाला दोन्ही क्रम शिकवा. त्यात काही बिघडत नाही.

तिसरी, पापांगीकार. लुथरन उपासनेत सुरुवातीला सगळे मिळून पाप कबूल करतात आणि पाळक क्षमेची घोषणा करतात. ते शब्द कानांवर पडल्याशिवाय अनेकांना रविवार झाल्यासारखा वाटत नाही. इथे प्रार्थना असते, वचन वाचतात, पण ‘तुझ्या पापांची क्षमा झाली आहे’ असे थेट तोंडाने सांगतीलच असे नाही. यावर उपाय सोपा आहे. पाळकसाहेबांकडे जाऊन खासगीत कबुली द्या आणि क्षमेचे वचन मोठ्याने वाचायला सांगा. ही मागणी त्यांना नवी वाटेल, अवघड वाटणार नाही.

चौथ्या जागी सावध राहा. तुमचा लहानपणी झालेला बाप्तिस्मा जुन्या मराठी मंडळ्या मानतात, त्या स्वतःही तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देतात. पण शहरात नव्या नव्या सहभागिता (स्वतंत्र प्रार्थनागट) आहेत. तिथली माणसे प्रेमळ, गाणी जोरदार, प्रार्थना लांब. दोन-तीन भेटींनंतर ‘पाण्यात बुडून घेतलात का?’ असा प्रश्न येतो. घरापासून दूर असलेल्या, एकट्या राहणाऱ्या नर्सिंगच्या मुलींना तो फार टोचतो. लुथरन शिकवणीप्रमाणे बाप्तिस्मा हे देवाचे काम आहे, आणि देवाने एकदा केलेले पुन्हा करावे लागत नाही. शांतपणे नाही म्हणा. मैत्री तुटेल असे वाटले तरी नाहीच म्हणा.

मूळ मंडळीची उपासना फोनवर ऐकता येते म्हणून काही जण इथे येतच नाहीत. रात्री ऐका, हरकत नाही. पण रविवार सकाळ त्यात घालवू नका. फोनमधून प्रभुभोजन मिळत नाही, आणि ताप आला तर फोनमधले कुणी पेज घेऊन येत नाही.

मंडळी आठवड्यात कळते

रविवारी तुमची फक्त ओळख होते. माणसे कळतात ती घरसभेत. आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी संध्याकाळी दहा-पंधरा जण जमतात: एक-दोन गाणी, वचन, प्रार्थना, मग चहा. जाहिरातीत पत्ता सांगतात, आमंत्रणाची वाट बघू नका. महिनाभर गेल्यावर ‘आमच्याकडे कधी ठेवू?’ असे स्वतःहून विचारा. भाड्याची एक खोली असली तरी चालते, सतरंजी शेजारच्या घरून येते. चहाबरोबर चिवडा पुरे. पहिल्याच वेळी चार पदार्थ केलेत तर पुढच्या घरच्या बाईला तेवढे करावे लागेल, आणि ती तुम्हाला मनातल्या मनात बोल लावेल.

प्रार्थनेच्या विनंत्या तिथे मोकळेपणाने सांगतात: मुलाची नोकरी, सुनेचे बाळंतपण, उसाचे न आलेले बिल. ऐकलेले बाहेर नेऊ नका. मंडळी लहान असते, गोष्ट बुधवारी निघते आणि शुक्रवारपर्यंत कुपवाडला पोचते.

अंत्यविधीला जा. ओळख नसली तरी जा. लग्नाला न गेल्याचे लोक विसरतात, मातीला न आल्याचे विसरत नाहीत.

सेवा कशी करावी, आणि कुठे थांबावे

मिरज हे दवाखान्यांचे गाव. कर्नाटकातून, सोलापूरकडून, कोकणातून माणसे इथे उपचाराला येतात. रोग्याला खाट मिळते, बरोबरच्या नातेवाइकांना मात्र जेवण, अंघोळ आणि झोप यांची सोय स्वतःच शोधावी लागते. मंडळीच्या महिला मंडळाची किंवा तरुण संघाची दवाखाना-भेट असेल तर नव्या माणसाने सुरुवात तिथूनच करावी. करायचे काम साधे असते: डबा नेणे, औषधाच्या दुकानापर्यंत सोबत जाणे, रक्ताची सोय बघणे, कन्नड येत असेल तर डॉक्टर आणि नातेवाईक यांच्यामध्ये बोलणे. भाषा येणारा माणूस इथे सोन्याच्या मोलाचा.

प्रार्थना करू का, असे आधी विचारा. रोगी हो म्हणाला तर दोन मिनिटांत आटपा. नको म्हणाला तर डबा ठेवा, उद्या पुन्हा या. आजारी, कर्जात बुडालेला किंवा पुरात घर गेलेला माणूस समोर असताना धर्म बदलण्याचा विषय काढू नये, आणि मदतीला त्याची सावलीसुद्धा लागू देऊ नये. कायद्याच्या बाजूने ते योग्य आहेच. पण लुथरन माणसाला कायद्याची भीती घालायची गरज पडू नये. देवाची कृपा आपल्याला फुकट, कुठल्याही लायकीशिवाय मिळाली असे आपण शिकतो. मग आपण दिलेल्या डब्यावर अट कशी लावायची? कुणी स्वतःहून विश्वासाबद्दल विचारले तर जरूर सांगा, घरी बोलवा, पाळकांशी भेट घालून द्या. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने तेवढा हक्क सर्वांनाच दिला आहे.

नर्सिंगमधल्यांना एक वेगळी गोष्ट सांगावीशी वाटते. रविवारी ड्यूटी लागली की ‘उपासना चुकली’ म्हणून अपराधी वाटते. लुथरची शिकवण आठवा: मोची, दाई, आई, शिपाई, प्रत्येकाचे काम हीच देवाने दिलेली पाचारणा आहे. रात्रपाळीत कुणाचे सलाइन वेळेवर बदललेत, तर ती सेवा मंडळीच्या अहवालात लिहिली जात नाही एवढेच. मात्र संध्याकाळची उपासना किंवा घरसभा असेल तर ती सोडू नका.

कृष्णेच्या पुराचे काम सांगलीत आल्यावर शिकावेच लागते. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर इथल्या लोकांच्या अंगावर आहेत. ऑगस्टच्या सुमारास लोक आयर्विन पुलाची पातळी क्रिकेटच्या स्कोअरसारखी विचारतात: चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसला धोका. तुम्ही नदीकाठच्या भागात भाड्याने राहत असाल तर घरमालकाला २०१९ चे पाणी कुठवर आले होते ते विचारा आणि भिंतीवरची खूण बघून घ्या. पाणी चढू लागले की मंडळीची तरुण मुले म्हाताऱ्या सभासदांना हलवायला निघतात. आपले नाव आणि मोटरसायकल आधीच सांगून ठेवा. पूर ओसरल्यावरचे काम अधिक लांब चालते: चिखल काढणे, कागद वाळवणे, पंचनाम्याच्या अर्जांना मदत करणे. बिस्किटांचे पुडे तेव्हा सगळीकडून येतात. झाडू, फिनेल आणि सतरंज्या कमी पडतात.

शेजाऱ्यांशी नाते सणांच्या ताटांनी जुळते. दिवाळीला वरच्या मजल्यावरून फराळ आला की ताट रिकामे परत करू नका, नाताळला त्यात करंज्या आणि चकल्या घालून द्या. मिरज तर सतार-तंबोऱ्यांचे आणि दर्ग्याच्या उरुसात शास्त्रीय गाणे ऐकणारे गाव आहे. इथे दुसऱ्याच्या देवासमोर मान राखून बसायची सवय जुनी आहे. तुम्हीही तशी लावून घ्या.

सण आणि पैसे

हंगामाच्या सणाला लोक शेतातले किंवा घरचे काहीतरी आणतात: शाळू, हळद, ऊस, अंडी, कोंबडी, केक. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. एक नारळ हजारात जातो, घेणारा तो परत देतो, पुन्हा बोली लागते. नव्या माणसाला वाटते नारळ महाग झाले. पैसे मंडळीच्या कामाला जातात म्हणून लोक हौसेने बोली लावतात. तुम्ही झेपेल तेवढीच बोली लावा आणि पैसे त्याच दिवशी द्या. उधारीची यादी पुढच्या वर्षी वाचून दाखवतात अशी धमकी देतात. कुठे खरोखर वाचतातही.

डिसेंबरात नाताळची गाणी म्हणत घरोघर फिरणारी टोळी रात्री कितीही वाजता येते. यादीत नाव घाला, चहा तयार ठेवा, घरमालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा.

३१ ऑक्टोबर, म्हणजे १५१७ मध्ये लुथरने पंचाण्णव प्रबंध मांडले तो दिवस, इथे बहुतेकांच्या ध्यानीही नसतो. त्यासाठी खास उपासनेचा हट्ट धरू नका. त्या आठवड्याची घरसभा आपल्याकडे मागून घ्या आणि पाळकसाहेबांना रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायावर बोलायची विनंती करा. ते आनंदाने बोलतात.

अर्पणाची थैली दर रविवारी फिरते. वार्षिक वर्गणी वेगळी, ती खजिनदाराकडे भरायची आणि पावती घ्यायची. मूळ मंडळीची वर्गणीही चालू ठेवायची का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. दोनेक वर्षांत परत जाणार असाल तर तिकडची चालू ठेवा, इथे सढळ हाताने अर्पण द्या आणि सहयोगी सभासद म्हणून राहता येते का ते विचारा. इथेच स्थिरावणार असाल तर पत्र जमा करून पूर्ण सभासद व्हा.

कमिटी

पहिली दोन वर्षे निवडणुकीपासून लांब राहा. जुन्या मंडळ्यांत घराणी असतात, जमिनीचे आणि इमारतींचे जुने वाद असतात. नवा, शिकलेला, कुठल्याच गटाचा नसलेला माणूस दोन्ही बाजूंना हवाहवासा वाटतो. चहाला बोलावून कुणी ‘तुमच्यासारख्यांनीच पुढे आलं पाहिजे’ म्हणू लागले की चहा प्या, आभार माना, आणि ‘आधी संडे स्कूल घेतो’ म्हणा. संडे स्कूलला शिक्षक नेहमीच कमी असतात आणि त्या कामासाठी कुणी भांडत नाही.

वार्षिक सभेला मात्र जरूर बसा. हिशेब वाचतात तेव्हा लक्ष द्या, समजले नाही तर खजिनदाराला नंतर एकट्याने विचारा. मतदानाचा हक्क बहुतेक ठिकाणी वर्गणी भरलेल्या पूर्ण सभासदालाच असतो, म्हणून पावत्या एका फायलीत लावून ठेवा. सेक्रेटरी बदलला की जुनी वही कधीकधी त्याच्याच कपाटात राहून जाते.